पाण्यात राहिलेला गुलाब

घरात गुलाबपाणी असेल तर एका पांढऱ्या वाटीत दोन चमचे काढून घ्या. नसेल तर साध्या पाण्याची वाटी घेऊन बसलात तरी चालेल, पुढचं बरंचसं काम नाकाचं नाहीच. वेळ शक्यतो सकाळची असावी. पंखा बंद करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पाठ ताठच हवी असं काही नाही, भिंतीला टेकून बसा. अर्धा तास कुणी हाक मारणार नाही एवढी सोय मात्र करून ठेवा.

आधी नुसतं पाहा. वास घ्यायची घाई नको. वाटीत काय दिसतं?

गुलाबपाणी खरं असेल तर काहीच दिसत नाही. वाटीचा पांढरा तळ दिसतो, बस. गुलाबपाणी म्हणजे पाण्यात उकळलेल्या पाकळ्यांच्या वाफेचं पाणी, आणि रंग वाफेबरोबर वर चढत नाही. पाकळीची सगळी लाली भांड्यात मागे राहते आणि शिजून मातकट होते. तुमच्या वाटीतलं पाणी गुलाबी असेल तर तो रंग नंतर कुणीतरी घातला आहे. रागावू नका, वाटी तशीच राहू द्या. मननाला ते पाणी चालतं, श्रीखंडाला चालत नाही.

ज्या फुलाची पहिली ओळख त्याच्या रंगाने होते, त्याचं सार काढताना पहिला निरोप रंगालाच द्यावा लागतो. याच्यावर थोडा वेळ थांबा. काही सुचलं नाही तरी हरकत नाही.

आता वाटी नाकाजवळ आणा. एकच श्वास, लांब आणि सावकाश. मग वाटी खाली ठेवा. पुन्हा पुन्हा हुंगू नका. नाक फार लवकर सरावतं, चार श्वासांत तोच वास पुसट होतो आणि आपण म्हणतो पाण्यात दम नाही. दम नाकातला गेलेला असतो. आलेला वास मनात धरून ठेवा, आपल्याला त्याच्या मागावर उलट्या दिशेने जायचं आहे.

चला कन्नौजला. उत्तर प्रदेशातलं गंगेकाठचं गाव, सातव्या शतकात हर्षवर्धनाची राजधानी. आज ते अत्तराचं गाव आहे आणि तिथल्या अत्तराला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. एका कारखान्यात शिरा. कारखाना म्हटल्यावर यंत्रं डोळ्यांपुढे येतील, ती पुसून टाका. मातीच्या भट्ट्यांची एक रांग आहे, खाली लाकडं आणि शेणाच्या गोवऱ्या जळताहेत. प्रत्येक भट्टीवर तांब्याचं पोटाळं भांडं बसवलेलं आहे, त्याला देग म्हणतात. शेजारी पाण्याच्या हौदात, गळ्यापर्यंत बुडालेलं, लांब मानेचं दुसरं तांब्याचं भांडं आहे, तो भपका. देगेपासून भपक्यापर्यंत बांबूची नळी जाते, तिच्यावर सुंभ गुंडाळलेला असतो. तिला चोंगा म्हणतात.

देगेत पाकळ्या आणि पाणी घालतात, वर झाकण. झाकणाच्या कडेला कापूस कालवलेल्या चिकणमातीचा जाड लेप देतात आणि वरून लोखंडी पट्टी कसून बसवतात. वाफेने कुठूनही पळू नये, म्हणून. पाणी तापतं, पाकळ्या खदखदतात, वाफ सुगंध घेऊन चोंग्यातून उतरते, आणि थंड हौदात बुडालेल्या भपक्यात तिचं पुन्हा पाणी होतं.

इथे एक गोष्ट सावकाश समजून घेण्यासारखी आहे. गुलाबाच्या सुगंधातली मुख्य द्रव्यं एकेकटी उकळायची म्हटली तर दोनशे अंशांच्या वर न्यावी लागतील. तेवढ्या आचेवर फूल करपेल. पण पाण्याची सोबत मिळाली की तीच द्रव्यं शंभराच्या आतच वाफेवर स्वार होतात. जड माणूस हलक्याच्या खांद्याला धरून जिना चढतो तसं. पाणी नुसतं भरीला घातलेलं नसतं, पाण्यावाचून गुलाब देगेतून बाहेरच येत नाही.

भट्टीजवळच्या कारागिराकडे पाहा. थर्मामीटर नाही, घड्याळाकडेही फारसं लक्ष नाही. तो मधूनमधून हौदात हात घालून भपक्याला आणि भोवतालच्या पाण्याला हात लावतो. पाणी किती कोमट झालं, त्यावरून वाफ किती आली हे त्याला कळतं. हौद तापला की पाणी बदलतो. आच वाढली असं वाटलं तर दोन गोवऱ्या बाहेर ओढतो. थांबवायचं झालं की देगेवर ओलं फडकं फिरवतो. चार-सहा तास हेच चालतं. तुम्हीही तुमचा तळवा वाटीच्या बाहेरून लावून पाहा. गार लागेल. त्याच्या तळव्याला त्या गार आणि कोमटच्या मध्ये दहा पायऱ्या कळतात. हे त्याला कुणी वहीत लिहून दिलेलं नाही, बापाच्या शेजारी उकिडवं बसून आलेलं आहे.

आता आणखी मागे, शेताकडे.

अत्तराचा गुलाब हा फुलदाणीतला गुलाब नव्हे. हा दमास्क गुलाब, फिक्या गुलाबी रंगाचा, विस्कटलेला, काटेरी झुडपाला झुबक्यांनी येणारा. फुलवाल्याकडे ठेवला तर कुणी ढुंकून बघणार नाही. आपल्या मावळात हरितगृहांतून फेब्रुवारीत जे गुलाब विमानाने परदेशी जातात, त्यांचं सगळं याच्या उलट. त्यांचा दांडा लांब, पाकळी घट्ट, आठवडाभर टिकणारी, आणि वास जवळपास नाहीच. टिकाऊपणा आणि वास एकाच फुलात एकत्र नांदवणं पैदासकारांना जड जातं, आणि बाजाराने टिकाऊपणा निवडला. अत्तराचा हा गुलाब, म्हणजे उत्तरेतला चैती गुलाब, नावाप्रमाणे चैत्राच्या सुमाराला, मार्च-एप्रिलमध्ये, महिनाभर फुलतो आणि संपतो. (उत्तरेतला चैत्र पौर्णिमान्त, म्हणजे आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होणारा.) हाथरस जिल्ह्यातल्या हसायनसारख्या ठिकाणी तर फुलं कन्नौजला नेण्यापेक्षा भट्ट्याच शेताजवळ नेतात. फूल वाट पाहत नाही.

पहाटेची वेळ. उजाडायच्या आधी तोडणी सुरू होते, कारण ऊन चढू लागलं की पाकळीतलं तेल उडू लागतं. कमरेला फडकं बांधलेली एक बाई झुडपाशी उभी आहे. डाव्या हाताने फांदी बाजूला, उजव्या हाताच्या दोन बोटांनी फुलाच्या बुडाशी किंचित पीळ, फूल ओच्यात. हिशेब वजनावर होणार. फूल साधारण अडीच ग्रॅमचं, म्हणजे किलोला चारशे फुलं.

आता तुमच्या श्वासाकडे या. तो जसा चालला आहे तसा चालू द्या. प्रत्येक उच्छ्वासाला मनाने एक फूल तोडा आणि ओच्यात टाका. एक. पुन्हा एक. मिनिटाला तेरा-चौदा श्वास होतात, त्या हिशेबाने चारशे फुलांना अर्धा तास लागेल. आपण बसलो आहोत तेवढाच. शेतातली बाई तुमच्यापेक्षा कितीतरी भराभर तोडते, तिला हे मनन परवडत नाही. तरी तुम्ही विसेक फुलं तोडाच. मोजू नका, नुसती तोडा. बोटांना काटा लागतो तो आठवा. दव पडलेलं आहे, फडकं ओलं होत जातं आणि पोटाला गार लागतं. व्यापारी वजन करताना या दवाची वजावट मागणार, हेही तिला ठाऊक आहे.

तुमची चारशे फुलं झाली असं धरू. एक किलो. त्यातून तेल किती निघेल? पाच-सात थेंब. एक किलो गुलाबतेलाला तीन ते चार हजार किलो फुलं लागतात, म्हणजे बारा ते सोळा लाख फुलं. किंमत लाखांत असते आणि ती जास्त आहे असं म्हणवत नाही.

हे तेल वेगळं काढायचं कसं सुचलं, याची नोंद खुद्द जहांगिराने आपल्या आठवणींत, 'तुझुक-ए-जहाँगिरी'त, करून ठेवली आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट. गुलाबपाणी तेव्हा नवं नव्हतं. अरब आणि इराणी लोक शतकानुशतकं ते गाळत होते, नवव्या शतकातल्या अल-किंदीच्या सुगंधांवरच्या ग्रंथात ऊर्ध्वपातनाच्या कृती आहेत. पण गरम गुलाबपाणी पसरट भांड्यांत ओतलं की वर जो तवंग धरतो, तो निराळा गोळा करावा असं नूरजहानच्या आईच्या, अस्मत बेगमच्या, मनात आलं. त्या तवंगाच्या एका थेंबाने दरबार दरवळला. अकबराच्या राणीने, सलीमा सुलतान बेगमने, त्याला 'इत्र-ए-जहाँगिरी' नाव दिलं आणि बादशहाने अस्मत बेगमला मोत्यांचा कंठा दिला. लोककथेने हे सगळं नूरजहानच्या नावावर करून टाकलं आहे, तिच्या स्नानाच्या हौदासकट. जावयाने श्रेय सासूला दिलं होतं, हे लोककथेला पटलेलं दिसत नाही.

त्या पसरट भांड्यापाशी थांबा. वर तवंग, खाली पाणी. तवंग तरंगला म्हणून दिसला, दिसला म्हणून गोळा करता आला, गोळा केला म्हणून तोलता आला, आणि तोलता आला म्हणून त्याला भाव आला. खाली राहिलेल्या पाण्यात काय होतं?

रसायनशास्त्र याचं उत्तर देतं, आणि मला ते फार आवडतं. गुलाबात फेनिल इथाइल अल्कोहोल नावाचं एक द्रव्य असतं. आपण गुलाबाचा म्हणून जो सौम्य, गोडसर वास ओळखतो, त्यातला मोठा भाग त्याचा. उष्णता न देता द्रावकाने फुलाचा अर्क काढला तर त्या अर्कात हे एकटं द्रव्य निम्म्याहून अधिक भरतं. ऊर्ध्वपातन करून काढलेल्या महागड्या तेलात मात्र ते अवघे काही टक्के असतं. ते गेलं कुठे? ते पाण्यात विरघळतं. तेलाबरोबर वर तरंगत नाही, पाण्यातच राहतं. म्हणजे लाखो रुपयांच्या तेलात फुलाचा एक मोठा हिस्सा नाही, आणि तो या वाटीत आहे.

तेलाला कमी लेखायचं कारण नाही. बल्गेरियन गुलाबतेलात 1970 साली बीटा-डॅमॅसेनोन हे द्रव्य ओळखलं गेलं. ते पाव टक्काही नसतं, पण तेलाच्या वासावर त्याचा पगडा मोठ्या घटकांहून जास्त असतो. तेलाची खोली तेलातच आहे. पण फूल दोघांत वाटलं गेलं, आणि बाजाराने एकाच वाटेकऱ्याचा हिशेब ठेवला.

आता वाटी पुन्हा एकदा नाकाशी आणा. एकच श्वास. मग डोळे मिटा आणि आपल्या घराचा, कचेरीचा, गावाचा विचार करा. तिथे वर काय तरंगतं ते आपल्याला लगेच सांगता येतं, त्याचे सत्कार होतात, फोटो लागतात. विरघळून राहिलेलं कोण आहे? नाव घ्यायची घाई करू नका, पहिलं नाव बहुधा सोयीचं असतं. दुसरं येऊ द्या. तिसरं आलं तर त्या माणसापाशी थोडं थांबा. त्याच्याबद्दल काही करायला हवं असा संकल्पही आत्ता नको. तो माणूस पाण्यात आहे आणि पाण्याला त्याचा वास आहे, एवढं दिसलं तरी आजचं काम झालं.

बसा असेच दोन मिनिटं.

परत भपक्याकडे. रात्रभर निवलेल्या भपक्यात तेल वर आलेलं असतं. अत्तर करायचं असेल तर भपक्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं, गुलाबाची वाफ त्यात मुरते. खालचं पाणी काढून दुसऱ्या दिवशी नव्या फुलांबरोबर पुन्हा देगेत घालतात, म्हणजे विरघळलेलं तेलही वाया जात नाही. असं दिवसामागून दिवस करत चंदन गुलाबाने भरतं. मग ते उंटाच्या कातड्याच्या कुप्यांत भरून उन्हात ठेवायचं. कातड्याच्या रंध्रांतून उरलंसुरलं पाणी निघून जातं. गेल्या काही दशकांत चंदन इतकं महागलं की पुष्कळांनी त्याच्या जागी पातळ पॅराफिन वापरायला सुरुवात केली. वास येतो, पण चंदन स्वतः मागे सरून गुलाबाला जसं पुढे करायचं तसं पॅराफिन करत नाही. ते नुसतंच गप्प असतं. माझ्या मते याला अत्तर म्हणू नये.

गुलाबपाण्याचा मार्ग निराळा. भपका रिकामा ठेवायचा, जे उतरेल ते घ्यायचं. पहिलं उतरतं ते दाट. जितकं जास्त काढत जाल तितकं पातळ. इथे गाळणाऱ्याला रोज एक निवड करावी लागते. तेलासाठी पाणी पुन्हा पुन्हा पिळलं तर पाणी दुबळं होतं. पाणी सकस ठेवलं तर तेल हातचं जातं. दोन्ही एकाच फुलातून पुरतं निघत नाही. इराणात काशानजवळच्या कमसर गावात मे महिन्यात हाच उद्योग चालतो, आणि तिथे पाण्याला पहिला मान आहे. एकदा काढलेलं पाणी नव्या फुलांवर घालून पुन्हा काढलेलं जे दुहेरी गुलाबपाणी, ते तिथे उत्तम मानतात. बल्गेरियातल्या काझानलाकच्या खोऱ्यात मे-जूनमध्ये फुलं येतात, तिथे मान तेलाचा. आपल्याकडे गाझीपूरची ख्याती पाण्याची होती. 1824 साली तिथून गेलेल्या बिशप हेबरने तिथल्या गुलाबाच्या शेतांचं वर्णन लिहून ठेवलं आहे.

आणि महाराष्ट्र? आपण गुलाबपाणी गाळणारे फारसे नव्हे, शिंपडणारे. लग्नाच्या मांडवात दारापाशी एकाच्या हातात अत्तरदाणी, दुसऱ्याच्या हातात लांब मानेची गुलाबदाणी. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं द्यायच्या आधी हातावर अत्तर, अंगावर चार थेंब. कन्नौजच्या भट्ट्या पेटलेल्या असतात त्याच दिवसांत इकडे गुलाबदाण्या चिंचेने घासून निघतात, हा योग मला नेहमी गमतीचा वाटतो. चांदीची ती जाळीदार तोटी जवळून पाहा; भोकं इतकी बारीक की हिसका दिल्याशिवाय थेंब सुटत नाही, आणि हिसका जास्त झाला तर समोरच्याचा चष्मा भिजतो. हल्ली तिच्यात काय भरलेलं असतं हे विचारण्यात अर्थ नाही.

खरं तर विचारायला हवं. फेनिल इथाइल अल्कोहोल आता कारखान्यात स्वस्तात बनतं. ते पाण्यात मिसळलं, थोडं परिरक्षक घातलं की बाटली तयार. रेणू तोच आहे, विष नाही, त्याच्यावर तोंडसुख घेण्यात अर्थ नाही. नाकाला मात्र फरक कळतो. तो एकच सूर लावून बसलेला असतो, पहिल्या श्वासाला जसा तसाच दहाव्याला. गाळलेल्या पाण्यात बारीकसारीक पुष्कळ काही असतं. थोडा मधासारखा, थोडा गवतासारखा, नवं असेल तर किंचित शिजल्यासारखा वास. हा शिजका वास दोष नव्हे. काही आठवडे ठेवलं की तो निवतो. राग यावा तो लेबलाचा. फूल न पाहिलेल्या पाण्यावर पाकळ्यांचं चित्र छापायचं, आणि पहाटे ओले झालेले हात ज्या पाण्यात आहेत त्याच्या शेजारी ते निम्म्या किमतीला उभं करायचं. त्या बाईचा दर तिथेच पडतो.

तेव्हा आता डोळे उघडा, पाय मोकळे करा, आणि एक काम करा. पुढच्या वेळी गुलाबपाणी घ्याल तेव्हा बाटली उलटी करून घटक वाचा. रंग, सुगंधद्रव्य, 'फ्रॅग्रन्स', 'परफ्यूम' असलं काही लिहिलेलं असेल तर ती बाटली तोंडा-पोटासाठी नाही. घटकांत फक्त गुलाबाचं ऊर्ध्वपातित पाणी असेल तर विकणाऱ्याला एक प्रश्न विचारा: हे तेल काढून उरलेलं पाणी आहे, की पाण्यासाठीच फुलं लावली होती? गाळणाऱ्याशी थेट संबंध असलेल्या दुकानदाराला उत्तर ठाऊक असतं. परिरक्षक नसलेलं पाणी उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, गढूळ दिसलं किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या, आणि आजीने सांगितलं असलं तरी बाजारचं गुलाबपाणी डोळ्यांत घालू नका. चैत्रात काढलेलं पाणी वैशाखापर्यंत निवतं. घ्यायचं तर तेव्हा घ्या, आणि लहान बाटली घ्या.